सुचेताबाईंचं वर्ज्यपत्र

सुचेता मगदूम यांच्या पायांवर सांगलीतल्या अकरा डॉक्टरांचा विश्वास नव्हता. एकानं वजन कमी करा म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं कॅल्शियम दिलं. तिसऱ्यानं तपासण्यांचे कागद उलटसुलट करून पाहिले, मग त्यांच्या यजमानांना, अजितरावांना, बाजूला घेतलं आणि घरात काही ताणतणाव आहे का, असं हळूच विचारलं. ते हळूच विचारलेलं सुचेताबाईंना स्वच्छ ऐकू आलं. दुखत होते ते पाय आणि गुडघे, कान चांगले ठणठणीत होते. त्या डॉक्टरकडे त्या पुन्हा गेल्या नाहीत.

दुखणंही विचित्र होतं. महिन्यातले वीस-पंचवीस दिवस काही नाही. मग एखाद्या लग्नाहून, बारशाहून घरी यावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेपासून बोटांपर्यंत कळ उठावी. घोटे सुजायचे, गुडघे धरायचे, बोटांतली जोडवी रुतायला लागायची. ती त्यांनी केव्हाच काढून ठेवली होती आणि त्यावरून भावकीतल्या म्हाताऱ्यांची बोलणीही खाल्ली होती. तीन-चार दिवस भिंत धरून चालायचं, मग सगळं ओसरायचं. थंडीत मात्र महिनाच्या महिना असा जायचा. रक्तात संधिवात सापडत नव्हता. 'नाटक' हा शब्द कुणी तोंडावर काढत नसे, पण सुचेताबाईंनी पंचवीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला होता. वर्गात पाठीमागं काय बोललं जातं, हे त्यांना न वळता कळायचं.

त्यांचं स्वतःचं निदान ठाम होतं. हा सगळा वासांचा प्रताप आहे. फिनेल, भिंतीचा ताजा रंग, अगरबत्ती, मोगरा आणि सगळ्यांत वर अत्तर. या वासांतली रसायनं नाकातून आत जातात आणि सांध्यांत उतरतात, असं त्या सांगत. ऐकणारे माना डोलावत आणि विषय बदलत. खरी गंमत अशी, की मूळ मुद्द्यात सुचेताबाई बरोबर होत्या. अकरा डॉक्टर चुकले होते आणि बाई बरोबर होत्या. पण बरोबर माणसानं आपण सगळ्याच बाबतीत बरोबर आहोत असं धरून चालायला सुरुवात केली, की जे होतं तेच पुढं झालं.

बारा वर्षांपूर्वीची संक्रांत होती. विश्रामबागेतल्या घराचा वरचा मजला नुकताच बांधून झाला होता आणि धाकटे दीर, त्यांची बायको वृषाली आणि लेक स्वरदा तिथं राहायला गेले होते. खालच्या मजल्यावर सुचेताबाई. मधे एक जिना. वृषालीनं नव्या घरातलं पहिलं हळदीकुंकू मोठ्या हौसेनं केलं, चाळीस-पन्नास बायका बोलावल्या. मोठी जाऊ म्हणून पहिला मान सुचेताबाईंचा. हळद लावून झाली, कुंकू लावून झालं, आणि वृषालीनं अत्तराचा फाया त्यांच्या मनगटाच्या मागं टेकवला, तसा त्यांनी हात झटकन ओढून घेतला. पदरानं मनगट खसाखसा पुसलं आणि भरल्या खोलीत म्हणाल्या, की असली रसायनं लावून मला लंगडी करायचं ठरवलंयस का तू. वाण न घेता त्या जिना उतरून खाली आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे पाय हे एवढे सुजले. झालं, मग तर प्रश्नच मिटला. भांडण असं त्यानंतर एकदाही झालं नाही. भाऊ-भाऊ एकाच गाडीवरून बाजारात जात राहिले, सणाची ताटं झाकून वरखाली जात राहिली, पण वृषाली काही खालच्या मजल्याचा उंबरा ओलांडून आत आली नाही. सुचेताबाई जिन्याशी आल्या की वरचं दार हलकेच लागायचं. धाकट्या जावेला एवढा ताठा बरा नव्हे, असं सुचेताबाई बारा वर्षं म्हणत आल्या. दोन्ही घरांतून मोकळेपणानं फिरायची ती फक्त स्वरदा.

आता ही स्वरदा सत्तावीस वर्षांची होती, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती, आणि तुळशीच्या लग्नानंतर महिनाभरानं तिचं लग्न ठरलं होतं. सुचेताबाईंना मूलबाळ नाही. ही पुतणी त्यांच्या मांडीवर वाढली. तिच्या लग्नात आपण मांडवात उभं राहायचं आहे, खुर्चीत बसून कळा सोसायच्या नाहीत, आणि तिच्या आईशी निदान चार माणसांत धड बोलता आलं पाहिजे, एवढ्या दोनच गोष्टींनी त्यांना ग्रासलं होतं. त्यांचा उपाय सोपा होता. अत्तर दोषी आहे हे एकदा शास्त्रानं लिहून द्यावं. मग वृषाली कबूल करील, आपण मोठ्या मनानं माफ करू, की सगळं सुरळीत.

शास्त्र तसं लिहून देऊ लागलं होतं. सन २०४१ उजाडेपर्यंत सुचेताबाईंसारखी हजारो माणसं सगळीकडच्या दवाखान्यांतून हाकलली गेल्यावर एकदाची गंभीरपणे मोजली गेली होती, आणि त्यातून वर्ज्यपत्र निघालं होतं. तुमच्या शरीराला नेमकी कोणती रसायनं सोसत नाहीत, याचा तो तपासून दिलेला कागद. तो असेल तर सोसायटी, कचेरी, मंगल कार्यालय यांना त्याचा मान ठेवावा लागे. लग्नपत्रिकांवर आहेराच्या सूचनेशेजारी 'वर्ज्यपत्र असल्यास आठ दिवस आधी कळवावे' अशी ओळ येऊ लागली होती. काही लोक ते चौकटीत घालून दारावरच्या पाटीखाली लावत. सुचेताबाईंनीही भिंतीवरची जागा हेरून ठेवली होती, अगदी जिन्यावरून येता-जाता दिसेल अशी.

कागदामागचं यंत्र स्वरदाच्याच गटानं घडवलं होतं. एका रविवारी ती काकूच्या स्वयंपाकघरात ओट्यावर चढून बसली आणि शेंगा सोलता सोलता तिनं ते समजावून सांगितलं. आपल्या शरीरात पहारेकरी पेशी असतात. बाहेरचं काही घातक आत आलं की त्या फुटतात आणि रक्तात इशाऱ्याची रसायनं सोडतात. त्यांनीच सूज येते. काही माणसांत हे पहारेकरी फार घाबरट होतात. इतरांना जाणवणारही नाही इतक्या थोड्या वाफेनं ते फुटतात. मग ही इशाऱ्याची रसायनं अंगभर फिरतात आणि जिथं ताण जास्त तिथं मुक्काम करतात. एका पावलात तीसेक लहान सांधे, त्यांवर सगळ्या अंगाचा भार, म्हणून पहिला मार पायांना आणि मग गुडघ्यांना.

मोजायचं कसं, तर घामातून. तळपायाला घामाच्या ग्रंथी दाटीनं असतात आणि इशाऱ्याच्या रसायनांचा अंश त्या घामात उतरतो. गटानं आधी चपलेत बसवायचा सुकतळा केला होता. तो साफ फसला, कारण आपल्याकडे माणूस घरात शिरताना चपला दाराबाहेर काढतो, आणि चपलांबरोबर यंत्रही बाहेरच राहायचं. दिवसातले सोळा तास नोंद कोरी. मग अंगठा वेगळा असलेला पातळ मोजा केला. त्याच्या जोडीला एक 'नासिका', शर्टाच्या बटणाएवढी. ती पदराजवळ लावायची. हवेतल्या साडेचारशे वाफा ती ओळखते आणि वेळेसकट टिपून ठेवते. मोजा सूज टिपतो, नासिका वास टिपते, आणि चाळीस दिवसांच्या दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की कोणत्या वाफेमागून किती तासांनी सूज आली हे दिसतं.

स्वरदानं एक गोष्ट पुन्हा सांगितली. हे दुखणं लगेच होत नाही. वाफ आत गेल्यापासून आठ ते चौदा तासांनी पाय धरतात. मधल्या वेळात माणूस दहा वास घेतो आणि जो सगळ्यांत जोरात आला होता त्याला धरून बसतो. सुचेताबाईंनी हे लक्ष देऊन ऐकलं आणि इतर लोक किती उथळ विचार करतात याबद्दल चुकचुकल्या.

तिनं आणखीही एक सांगितलं. नात्यातल्या माणसाचा अहवाल वाचायला तिला नियमानं बंदी होती. तो तिच्या सहकारी डॉ. मुजावर वाचणार आणि सरळ काकूला सांगणार, तिसऱ्या कुणाला नाही. "आणि मला तो बघायचाच नाही काकू," स्वरदा म्हणाली. "एकीकडं तू आहेस, एकीकडं आई. मी दहावीपासून हेच शिकायचं ठरवलं होतं, ते तुमच्या दोघींच्या मधल्या त्या जिन्यामुळं." सुचेताबाईंनी शेंगांची टोपली उगाचच जोरात हलवली. पोरीनं आयुष्याची दिशा आपल्या पायांवरून ठरवली, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना फार भरून आलं आणि फार अपराधीही वाटलं. म्हणून त्यांनी तिला खाऊन जा म्हणून दटावलं.

चाळीस दिवस सुरू झाले. सुचेताबाईंनी एक वही घातली आणि भूगोलाच्या नकाशासारखी नेटकी नोंद ठेवली. कुठं गेले, कोण भेटलं, कशाचा वास आला. घराशेजारचं सभागृह रंगवलं जात होतं, तेव्हा मुद्दाम दोनदा तिथून गेल्या. कामवाल्या बाईंना नेहमीचं फिनेल टाकायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी टाचा जराशा ठणकल्या, तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. अजितरावांनी विचारलं, की आरोपींची ओळखपरेड कुठवर आली.

मुख्य आरोपीला गाठायला त्या ओळखीतल्या एका बारशाला गेल्या. तिथं उदबत्त्यांचा धूर होता, मोगऱ्याचे गजरे वाटले जात होते, आणि अत्तरदाणी फिरत होती. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मनगट पुढं केलं. डोळे मिटून घेतले, एवढंच. रेशमी साडीला नासिकेच्या टाचणीनं भोक पडेल म्हणून त्या सुती साडी नेसून गेल्या होत्या. घरी येऊन त्यांनी वहीत तीन आरोपींची नावं लाल शाईनं लिहिली आणि सकाळच्या कळांची वाट बघत झोपल्या. सकाळी उठल्या, तर पाय हलके फूल. त्या दिवसभर चिडचिड करत होत्या. बाई, आपले पाय दुखत नाहीत म्हणून जगात कुणी रडलं असेल का, असं अजितराव शेवटी म्हणाले. नासिका बिघडली असेल, सुचेताबाई म्हणाल्या, जणू पाय नासिकेला विचारून दुखत होते.

पस्तिसाव्या दिवशी सकाळी मात्र पुरतं दुखणं आलं. आदल्या संध्याकाळी त्या कुठंही गेल्या नव्हत्या. फक्त लग्नात कोणती नेसावी म्हणून कपाट उघडून चार पैठण्या आणि एक इरकल त्यांनी अंगावर लावून बघितली होती. आरशासमोर, खिडक्या बंद करून, दोन तास. या वयात हे वहीत लिहायला लाज वाटली म्हणून लिहिलं नाही. वरच्या मजल्यावरून तिन्हीसांजेच्या उदबत्तीचा वास आला होता, तेवढं लिहिलं, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

अहवालाच्या दिवशी डॉ. मुजावर पडद्यावर आल्या तेव्हा सुचेताबाई एकट्याच होत्या. अजितरावांना त्यांनी मुद्दाम बँकेत पिटाळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आधी एक वाक्य उच्चारलं, ज्यासाठी सुचेताबाई बारा वर्षं थांबल्या होत्या. तुमचा आजार खरा आहे, त्या म्हणाल्या, आणि ज्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही त्या सगळ्यांच्या वतीनं मी माफी मागते. सुचेताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. हा एक क्षण त्यांच्या वाट्याला आलाच पाहिजे होता, आणि तो पुरा आला.

मग अहवाल आला. फिनेल, थोडा त्रास. ताजा रंग, थोडा. मोगरा शून्य, उदबत्ती शून्य, अत्तर शून्य. आणि एका ओळीत, इतर सगळ्यांच्या वीसपट, नॅप्थलीन.

"म्हणजे डांबरगोळी," डॉ. मुजावर म्हणाल्या. "चौतिसाव्या संध्याकाळी तुम्ही दोन तास तिच्या वाफेत होतात. कपाट उघडलं होतंत का?"

त्या पुढंही समजावत राहिल्या. ही गोळी वितळत नाही, तिची सरळ वाफ होते आणि रेशमात, लोकरीत मुरते. साडी नेसली की अंगाच्या उबेनं ती वाफ तासन्‌तास नाकाखाली सुटत राहते. आणि तुम्हाला तिचा वास येत नाही, कारण रोजच्या वासाची नाकाला दहा मिनिटांत सवय होते. दुसऱ्याच्या घरचा वास तेवढा कळतो.

पडदा बंद झाल्यावर त्यांनी कपाट उघडलं. हे कपाट घेतलं त्याच वर्षी दुखणं सुरू झालं होतं. सासूबाई असेपर्यंत रेशीम ट्रंकेत असायचं, कडुलिंबाच्या पाल्यात. सासूबाई गेल्या आणि त्यांच्या एका शालूला कसर लागली, तेव्हा सुचेताबाईंनी धसका घेतला. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही म्हणून कप्प्याकप्प्यात, घडीघडीत डांबरगोळ्या घातल्या. मोठ्या हौसेनं, दर सहा महिन्यांनी नव्या. लग्नाकार्याला रेशीम नेसायचं, म्हणून लग्नाकार्यानंतर पाय दुखायचे. थंडीत याच कपाटातल्या शाली आणि स्वेटर निघायचे, म्हणून थंडीत दुखायचे. त्या संक्रांतीला त्या अंजिरी पैठणी नेसून वर गेल्या होत्या. ज्या दुखण्याचा आळ त्यांनी वृषालीवर घेतला, ते त्या स्वतःच अंगावर पांघरून जिना चढल्या होत्या.

त्या पलंगावर बसून राहिल्या. आधी त्यांना आपलीच शरम वाटली, आणि मग, खोटं कशाला सांगा, सुटकेचा विचार आला. अहवाल फक्त आपल्यालाच माहीत आहे. स्वरदाला बघायचा नाही. अजितराव विचारतील, त्यांना फिनेल सांगावं, तेही खोटं नाही. गोळ्या गुपचूप टाकून द्याव्यात, पाय बरे होतील, लग्नात सगळ्यांशी हसून बोलावं. बारा वर्षांनी मोठ्या जावेनं धाकटीपुढं जाऊन माझं चुकलं म्हणावं, असं या घराण्यात कधी झालं होतं का?

त्यांनी तसंच केलं. एका डब्यात गोळ्या गोळा केल्या, त्या दीडशेच्या वर निघाल्या, आणि तो डबा घातक कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हातानं टाकला. कपडे आठ दिवस गच्चीवर सावलीत वाऱ्याला टाकले. रेशीम सुती कापडात कडुलिंबाच्या पाल्याबरोबर बांधलं.

आणि पाय बरे झाले. इतके साधे, इतके लवकर, की त्यांना हसावं की रडावं कळेना. सकाळी उठून सरळ चालत स्वयंपाकघरात जायचं आणि चहा ठेवायचा, एवढ्यातही सुख आहे, हे त्या विसरून गेल्या होत्या. थंडी पडली, शाली निघाल्या, काही झालं नाही. जोडवी पुन्हा बोटांत आली. कृष्णेच्या घाटावर त्या अजितरावांबरोबर चालत जाऊन आल्या आणि येताना मोगऱ्याचा गजरा घेतला. बारा वर्षं ज्याच्यापासून तोंड फिरवलं, तो मोगरा त्यांनी घाटाच्या पायरीवर बसून मनसोक्त हुंगला. अजितराव त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, की माझी बायको मला परत मिळाली. ते असलं काही सहसा बोलत नसत. सुचेताबाई सुखात होत्या, अगदी खरोखर सुखात होत्या. फक्त जिन्याकडे बघायचं त्या टाळत.

वर्ज्यपत्राची चौकट मात्र भिंतीवर लागली नाही. स्वरदानं एकदाच विचारलं, काकू, सापडलं ना? त्या म्हणाल्या, सापडलं. तिनं पुढं विचारलं नाही. पण ती वर जाऊन आईला म्हणाली असावी, की काकूचे पाय बरे झाले, कारण सापडलं. आणि कारण सापडलं म्हटल्यावर वृषालीनं काय समजायचं ते समजून घेतलं.

लग्नाआधीच्या रविवारी सुचेताबाईंकडे स्वरदाचं केळवण होतं. नवऱ्या मुलीला आणि तिच्या आई-वडिलांना घरी बोलावून जेवू घालायचं, पहिला मान सख्ख्या काकूचा. वृषालीला यावंच लागणार होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा. सुचेताबाई चार दिवस तयारीत होत्या. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूची भाजी, पाटाभोवती रांगोळी. त्यांनी हे सगळं उभं राहून, वाकून, एकटीनं केलं आणि काही दुखलं नाही. काय बोलायचं हेही ठरवून ठेवलं होतं. ये बस, बरं झालं आलीस, झालं गेलं विसरून जाऊ. एवढं पुरे होतं.

दुपारी बाराला जिन्यावर पावलं वाजली. पुढं दीर, मागं स्वरदा नव्या साडीत, आणि सगळ्यांच्या मागं वृषाली. ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

वृषाली हौशी बाई. जिची साडी आणि गजरा बघून बायका दुसऱ्या दिवशी दुकानात जात, अशी. ती आज धुऊन विटलेल्या सुती साडीत होती. केसांत फूल नव्हतं. तोंडावर पावडरसुद्धा नव्हती. मुलीच्या केळवणाला मुलीची आई अशी आली होती.

"वैनी, काही लावलेलं नाही ओ मी," ती हळूच म्हणाली. "डाळीच्या पिठानं आंघोळ केली. साडी नुसत्या पाण्यात दोनदा काढली. घरातल्या उदबत्त्या पण बंद केल्यात, त्यालाच आता बारा वर्षं झाली. तरी तुम्हाला त्रास वाटला तर सांगा, मी वर जाते. स्वरदाचं तेवढं होऊ दे."

सुचेताबाईंच्या हातात कुंकवाची कोयरी होती. करंगळीशेजारच्या बोटावर कुंकू घेऊन त्यांनी हात वृषालीच्या कपाळाकडे नेला आणि तो तिथंच थांबला. उदबत्त्या बारा वर्षांपासून बंद. मग चौतिसाव्या संध्याकाळी वरून वास आला, असं आपण वहीत लिहिलं, दोन रेघा ओढल्या, तो वास कुठला होता? तो कुठून आलाच नव्हता. आपल्याला तो हवा होता. ठरवून ठेवलेली तिन्ही वाक्यं त्यांच्या डोक्यातून पार गेली.

"वृषाली, तुझं अत्तर नव्हतं," त्या म्हणाल्या.

वृषालीला काही कळलं नाही.

"अत्तर नव्हतं, उदबत्ती नव्हती. तुझं काही नव्हतं. माझ्या कपाटातल्या डांबरगोळ्या होत्या, दीडशेच्या वर, मीच घातलेल्या. त्या दिवशी तुझ्याकडे मी त्याच पैठणीत आले होते. तुला भरल्या घरात बोलले, ते सगळं खोटं होतं."

दीर पायपुसण्यावर उभे होते ते तिथंच राहिले. अजितरावांनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. स्वरदा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलत होते.

"तुम्हाला कधी कळलं?" वृषालीनं विचारलं.

"महिना झाला."

"आणि आज सांगताय."

"आजही सांगणार नव्हते," सुचेताबाई म्हणाल्या. "तुला अशी आलेली बघितली आणि राहवलं नाही."

रागावण्याचा वृषालीला पुरता हक्क होता, आणि ती रागावलीही असावी, कारण तिच्या नाकपुड्या थरथरत होत्या. पण ती बोलली ते वेगळंच. "मला वाटायचं, तुम्ही लंगडताय ते माझ्यामुळं. जिन्यात तुमचा पाय वाजला की मी दार लावून घ्यायचे. राग म्हणून नाही ओ वैनी. तोंड दाखवायची लाज वाटायची. रोज वाटायची. ही पोरगी एवढं शिकली, तेव्हा पण मला वाटायचं, माझं पाप फेडायला शिकतीय."

बारा वर्षं जो ताठा ताठा म्हणून सुचेताबाई जगाला सांगत होत्या, तो हा होता.

त्यांनी कोयरी पाटावर ठेवली. मग पदर खोचला आणि त्या खाली वाकल्या. आधी एक गुडघा जमिनीला टेकला, मग दुसरा. मोठ्या जावेनं धाकटीच्या पायाशी वाकायचं नसतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि सगळ्यांत जास्त वृषालीला माहीत होतं. ती घाबरून पुढं आली आणि तिनं त्यांचे दोन्ही खांदे धरले.

"वैनी, गुडघे! अहो, गुडघे दुखतील तुमचे."

"नाही दुखत," सुचेताबाई म्हणाल्या, आणि आता मात्र त्यांना रडू आवरेना. "तेच तर सांगतेय. नाही दुखत आता."

वृषालीही तिथंच उंबऱ्यात बसली. दोघी जावा एकीच्या खांद्यावर दुसरीचं डोकं ठेवून रडल्या, आणि रडता रडता मधेच वृषालीला हसू फुटलं. दीडशे डांबरगोळ्या, ती म्हणाली, वैनी, एवढ्यात मी अख्खं साडीचं दुकान राखलं असतं. मग सुचेताबाईही हसल्या. आतून स्वरदानं रडक्या आवाजात सांगितलं, की केळवण माझं आहे, आणि मला भूक लागली आहे.

वृषाली आधी उठली आणि तिनं हात पुढं केला. सुचेताबाईंना आधाराची गरज नव्हती. त्यांनी तो हात धरला आणि त्या उठल्या.